अनोळखी उथळ पाण्यात चोणक गरवताना



आपल्या मंडळाच्या पानांवर केळबाई देवीचा उत्सव, धालो, भजनी सप्ताह, जुनी नाटके अशा विषयांवर पुष्कळ लेखन झाले आहे. गरी घेऊन पाण्याकाठी बसणाऱ्यांवर मात्र कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. वास्तविक मुळगाव, मये, शिरगाव, अस्नोडा या पट्ट्यात वाढलेल्या माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी लहानपणी बांबूच्या काठीला सूत बांधून मासे गरवले आहेत. गरवणे हा शब्द पुण्या-मुंबईत वाढलेल्या मुलांसाठी सांगतो: गरी म्हणजे गळ, आणि गरीने मासे पकडणे म्हणजे गरवणे.

हा लेख लिहायचे कारण असे की, सुट्टीत गावी येणारी आपली मुले-नातवंडे आता ऑनलाईन मागवलेली उत्तम काठी आणि रीळ घेऊन येतात आणि विचारतात, "आजोबा, कुठे टाकू?" काठी चांगली असते, हौस दांडगी असते, पण समोरचे पाणी त्यांच्या ओळखीचे नसते. दिवसभर बसून दोन शेंगाळे घेऊन घरी येतात आणि म्हणतात, इथे मासेच उरले नाहीत. बँकेत असताना माझ्या बदल्या पेडणे, डिचोली, तिसवाडी अशा होत राहिल्या. प्रत्येक ठिकाणी नवे पाणी समजून घ्यावे लागले. त्यातून जे कळले ते इथे क्रमाने मांडतो. थोडक्यात सांगायचे तर उथळ पाण्यात मासा शोधत बसू नये. पाणी कुठून येते, कुठे जाते, कधी जाते आणि कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी समजून घ्यावे. मग मासा कुठे असेल ते आपोआप कळते.

आपला मासा: चोणक

गोड्या पाण्यात आणि खाडीत गरीला लागणारे मासे अनेक आहेत. काळुंदर आहे, शेवटे आहेत, तामसो आहे, शेंगाळे तर हमखास. पण गरवणाऱ्याला खरा मान मिळतो तो चोणकामुळे. रायगडात यालाच जिताडा म्हणतात आणि अलिबाग-पेणच्या खारेपाटात घरच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची पद्धत आहे. बंगालात तो भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. शास्त्रीय नाव लेटस कॅल्कारिफर. हा मासा दीड मीटरपेक्षा लांब आणि ५० किलोच्या पुढे वाढू शकतो, तरी आपल्याकडे गरीला लागणारे बहुतेक एक ते पाच किलोंच्या आतले.

चोणकाचे दोन गुण लक्षात ठेवावेत. पहिला म्हणजे तो पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरून बसणारा आहे. दगडाच्या, खांबाच्या किंवा खारफुटीच्या मुळांच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून थांबतो आणि समोरून वाहत येणारी कोळंबी किंवा शेवटुली एका घोटात ओढून घेतो. त्या वेळी पाण्यावर 'बुप्प' असा आवाज येतो. एकदा कानाला सवय झाली की काळोखातही तो ओळखू येतो. दुसरा गुण डोळ्यांचा. रात्री बॅटरीच्या उजेडात चोणकाचे डोळे निखाऱ्यासारखे चकाकतात. अंधूक उजेडात त्याला भक्ष्य दिसते, भक्ष्याला तो दिसत नाही. म्हणून तिन्हीसांजा आणि पहाट या त्याच्या वेळा.

आपल्यापैकी काहींची मुले अमेरिकेत मिनेसोटा भागात आहेत. तिथे वॉलाय नावाच्या माशाचे असेच वेड आहे, तो त्या राज्याचा राज्यमासाच आहे. त्याच्याही डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो, तोही संधिप्रकाशात आणि वाऱ्याने गढूळ झालेल्या पाण्यात खायला निघतो. तिथले मिल लॅक्स सरोवर ५०० चौरस किलोमीटरहून मोठे, पण सर्वांत खोल जागी ४२ फुटांच्या आसपास. म्हणजे समुद्रासारखे पसरलेले आणि तरीही उथळ. नवख्या माणसाने अशा पाण्यात कुठून सुरुवात करायची हा प्रश्न तिथेही आहे. उत्तरही आपल्यासारखेच आहे. सपाट तळात जिथे फूट-दोन फुटांचा उतार आहे, गवताची कडा आहे, दगडांची रांग आहे, तिथे मासा असतो. उथळ पाण्यात हातभर खोलीचा फरकही माशाच्या दृष्टीने मोठा असतो.

आपले उथळ पाणी: खाजन, मानस आणि पोंय

मिल लॅक्स निसर्गाने केले. आपली उथळ पाणी माणसांनी, आपल्याच पूर्वजांनी बांधली. मांडवी, म्हापसा नदी, शापोरा, तेरेखोल यांच्या काठच्या खाजन जमिनी म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून अडवलेली. दिवाडी, चोडण, हळदोणे, पेडण्यात कोरगाव अशा गावांत त्या पाहायला मिळतात. मुळगावहून दिवाडी गाठायची तर नार्व्याला फेरीबोट आहे.

खाजनाचे तीन अवयव ओळखता आले की निम्मे काम झाले.

पहिला बांध. चिखल, जांभा दगड, पेंढा यांचा. आतील शेत आणि बाहेरील नदी यांच्यामधली भिंत.

दुसरी मानस. बांधातील दगडी दाराची जागा, तिला लाकडी झडपा. झडपा अशा बसवलेल्या की नदीला भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्या आपोआप मिटतात आणि सुकती लागून नदीची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. ना मोटर, ना चौकीदार. पावसाळ्यात शेतातले जादा पाणी बाहेर आणि खारे पाणी बाहेरच. भाताचे पीक निघाल्यावर झडपा वर करून मुद्दाम खारे पाणी आत घेतात, त्याबरोबर कोळंबी आणि माशांची पिल्ले येतात. रायगडात याच व्यवस्थेला उघाडी म्हणतात.

तिसरी पोंय. मानशीच्या आतल्या बाजूला आणि तिथून शेतात शिरणारी खोलगट तळी आणि नाळ. भोवतालचे शेत गुडघाभर पाण्यात असते तेव्हा पोंयीत पुरुषभर पाणी असते. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे एकच पसरलेले तळे दिसते. नवखा माणूस त्या तळ्याच्या मधोमध गरी फेकतो, जिथे पाणी कमरेपर्यंतही नसते. मासा असतो पोंयीच्या कडेला.

पोंय कुठून कुठे जाते हे पाण्यावरून कळत नसेल तर सुकतीच्या अखेरीस एकदा नुसते बघायला जावे, काठी घरी ठेवून. पाणी उतरले की पोंयीची रेघ, मानशीसमोर प्रवाहाने खणलेला खड्डा, पडलेले दगड, जुने खांब सगळे उघडे पडते. कागदावर कच्चा नकाशा काढावा. एक फेरी वाया गेली असे वाटेल, पण पुढच्या दहा फेऱ्या तिच्यावर निघतात. हे जमत नसेल तर सुताला शिशाची गोळी बांधून हातहातभर अंतरावर गाठी माराव्यात आणि बांधावरून चालत जागोजागी खोली मोजावी. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे हेच करत.

वेळ: पाऊणकीचा हिशेब

बंद मानशीसमोर चोणक येत नाही असे नाही, पण झडपा उघडून पाणी धावू लागले की त्याचे ताट वाढले जाते. आतली कोळंबी, शेवटुली प्रवाहाबरोबर त्या अरुंद दारातून बाहेर पडतात आणि चोणक दाराच्या दोन्ही बाजूंना संथ पाण्यात, प्रवाहाच्या कडेला थांबून त्या टिपतो. प्रवाहाच्या मधोमध तो नसतो, तिथे उभे राहायला त्याला श्रम पडतात. गरी टाकायची ती धावते पाणी आणि संथ पाणी यांच्या सीमेवर.

सुकती कधी लागेल हे आता मोबाईलवर कळते. मुरगाव बंदराच्या वेळा मिळतात. पण कोकणातल्या जुन्या लोकांचे गणित शिकून ठेवण्यासारखे आहे. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा. तीच वेळ पहाटे किंवा सकाळी आणि साधारण तीच पुन्हा दुपारी किंवा रात्री. ज्यांनी शाळेत पाऊणकी पाठ केली त्यांना कॅलेंडरकडे नुसते बघून वेळ सांगता येते. हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा. नदीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोचते, ठिकाणानुसार ती वेळ मिळवावी. आपल्या जागेचा फरक एकदा घड्याळ लावून मोजून ठेवला की तो कायमचा उपयोगी पडतो.

आता दोन गोष्टी जुळवू. चोणकाला अंधूक उजेड हवा आणि मानशीला सुकती हवी. चतुर्थी ते षष्ठी या तिथींना किनाऱ्यावर भरती दुपारी तीन ते साडेचारला येते. आतल्या भागात आणखी थोडी उशिरा. म्हणजे झडपा उघडतात तिन्हीसांजेला, अगदी हव्या त्या वेळी. त्याच तिथींना पहाटेचेही तसेच जुळते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जोरात धावते, भरती आणि ओहोटी यांत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, पण सुकती भर दुपारी नाही तर मध्यरात्री. अष्टमीच्या भांगाला पाणी जेमतेम हलते. म्हणून पक्षाच्या पंधरा तिथींपैकी तीन-चारच तिथी खऱ्या कामाच्या, आणि दोन पक्ष धरून महिन्यात सहा-सात. सुट्टीवर येणाऱ्यांनी परतीच्या तिकिटाबरोबर तिथीही पाहून ठेवावी.

ऋतूचे म्हणाल तर दिवाळीनंतर पाणी निवळते आणि खारट होऊ लागते, तेव्हापासून मार्चपर्यंतचा काळ चांगला. एप्रिल-मेच्या दुपारी गुडघाभर पाणी तापून कोमट होते, मासा पोंयीच्या खोल भागात किंवा सावलीत जातो, तेव्हा पहाटच बरी. पावसाळ्याबद्दल पुढे लिहितो.

पाणी वाचणे

अनोळखी ठिकाणी पोचल्यावर पहिला अर्धा तास गरी पाण्यात टाकू नये. बांधावर सावलीत बसावे आणि पाहावे.

बगळे कुठे उभे आहेत? बगळा उभा राहतो तिथे पाणी वीतभर आहे आणि लहान मासळी आहे. त्याच्या पुढे जिथे बगळा पाय ठेवत नाही, तिथून खोली सुरू होते. ती कडा आपली.

पाणकावळे बुड्या मारत असतील तर तिथे खोली आहे.

शेवटुल्यांचा थवा एकाएकी उधळून पाण्याबाहेर उडाला तर खालून काहीतरी आले. एकदा उधळला तर जाऊ द्या, त्याच जागी दोनदा उधळला तर तिथे काहीतरी दबा धरून आहे.

वारा कुठून आहे? उथळ पाण्यात वारा ज्या काठाला पाणी ढकलतो तिथे गढूळपणा येतो, किडूक-मिडूक जमा होते, त्यामागे लहान मासळी आणि तिच्यामागे चोणक. स्वच्छ, आरशासारखे पाणी बघायला छान, पण त्यात माशाला आपण दिसतो. उथळ पाण्यात बांधावरच्या पावलांची धमधमही त्याला कळते. मुलांना हे जरूर सांगावे. बांधावर धावणारी मुले आणि चोणक यांचे जमत नाही.

साहित्य आणि आमिष

महागडे काही लागत नाही. सहा-सात फुटांची मध्यम काठी, साधे रीळ, मजबूत सूत. एक गोष्ट मात्र हवीच. गरीच्या वरचे शेवटचे दोन-तीन हात सूत जाड असावे. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि तोंडाने तो खरखरीत असतो, त्यात खांब आणि दगड. बारीक सूत कापले जाते आणि मासा गरी तोंडात घेऊन जातो, हे आपल्याला आणि त्यालाही वाईट.

आमिष म्हणून जिवंत कोळंबी सर्वांत उत्तम, शेपटीच्या जवळ हलकेच टोचलेली म्हणजे ती पोहत राहते. बोटभर शेवटुलीही चालते. तळात जड शिसे टाकून बसू नये, चिखलात आमिष रुतते आणि शेंगाळे लागतात. हलके शिसे किंवा बूच लावून प्रवाहाबरोबर आमिष वाहत जाऊ द्यावे, जशी खरी कोळंबी जाते. नकली मासोळी वापरणाऱ्यांनी ती मानशीच्या भिंतीलगत टाकून हळू ओढावी, मधे थांबवावी. घाई केली तर चोणक मागे लागत नाही.

गरीचा उलटा काटा चिमट्याने चेपून ठेवावा. सूत ताणलेले ठेवले तर मासा सहसा सुटत नाही, आणि सोडायचा असेल तर पटकन सुटतो. मुलांच्या बोटात गरी शिरली तरी हाच चेपलेला काटा उपयोगी पडतो.

चोणक लागला की तो आधी आडोशाकडे धाव घेतो आणि मग पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो. उसळतो त्या क्षणी काठी थोडी खाली करावी, म्हणजे झटक्याने सूत तुटत नाही. काठावर आल्यावर कल्ल्यात बोटे घालू नयेत. ओल्या जाळीत घ्यावा.

मोठा मासा कोणता आणि तो का सोडावा

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला ते सांगतो.

चोणक जन्मतः बहुधा नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून प्रजननाला तयार होतो. पुढे काही वर्षांनी, साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात, त्याची मादी होते. याचा अर्थ असा की दीड-दोन किलोंचा चोणक बहुतेक नर आणि खूप मोठा चोणक जवळजवळ नेहमी मादी. ती मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त, एका हंगामात लाखोंनी. फोटोसाठी आपल्याला जो सर्वांत मोठा मासा हवा असतो, तोच नेमका पुढच्या पिढीचा आधार असतो.

दुसरे असे की चोणक गोड्या पाण्यात आरामात वाढतो, पण अंडी घालायला त्याला खाऱ्या पाण्यातच जावे लागते. पावसाळ्याच्या काळात मोठे चोणक नदीच्या मुखाकडे जातात. तिथे जन्मलेली पिल्ले भरतीबरोबर खाड्यांत, खारफुटीत आणि मानशी उघड्या असतील तर खाजनाच्या पोंयीत येतात. उथळ, गढूळ, मुळांनी भरलेले पाणी हे त्यांचे पाळणाघर. म्हणून जून-जुलैत मुखाकडे निघालेली मोठी मादी आणि पावसाळ्यानंतर पोंयीत आलेली वीतभर पिल्ले, दोन्हींना हात लावू नये. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ती समुद्रातल्या ट्रॉलरांसाठी. काठी घेऊन बसणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण कारण त्यालाही लागू आहे.

ज्या देशांत काठीने गरवण्याची परंपरा मोठी आहे त्यांनी हे नियमातच घातले आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी ठेवता येत नाही, दोन्ही परत पाण्यात. मिनेसोटात सर्वसाधारण नियमानुसार २० इंचांपेक्षा मोठा वॉलाय एकच जवळ ठेवता येतो, कारण तिथेही मोठ्या माशांत माद्या जास्त. वसंतात अंडी घालण्याच्या दिवसांत तिथे बंदी असते आणि हंगाम मे महिन्यात उघडतो.

चेन्नईच्या केंद्रीय खारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या माशाचे प्रजनन बंदिस्त पाण्यात यशस्वी केले, आणि आज बाजारात पिंजऱ्यात वाढवलेला चोणकही मिळतो. त्यामुळे खाण्यासाठी चोणक मिळेल. पण हॅचरी आहे म्हणून आपल्या मांडवीतला, शापोऱ्यातला चोणक टिकेल असे नाही. तो टिकतो मोठ्या माद्यांवर आणि उघडझाप होणाऱ्या मानशींवर.

मी आयुष्यभर बँकेत काम केले, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. दीड-दोन किलोंचा चोणक हे व्याज आहे. तो घरी आणावा, रव्यात तळावा, सोलाचे हुमण करावे, शेजारी एक तुकडा पाठवावा. मोठी मादी हे मुद्दल आहे. मुद्दल खाणाऱ्याचे खाते किती दिवस चालते हे सांगायला बँकेतला माणूस लागत नाही.

सोडताना हात ओले करावेत, मासा जबड्याला धरून उभा लटकवू नये, पोटाखाली हात देऊन आडवा धरावा. फोटो घ्यायचा तर आधी कॅमेरा तयार ठेवून, मासा पाण्याबाहेर काढावा तो श्वास रोखून आपण जेवढे राहू शकतो तेवढाच वेळ. मग पाण्यात सरळ धरून ठेवावा. तो शेपटी मारून आपणहून हातातून निघाला की सोडले.

पाणी कोणाचे?

अनोळखी पाण्यात उतरण्याआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि नव्या पिढीला नेमका तोच सुचत नाही. खाजन हे मोकळे तळे नाही. जमीन कोमुनिदादची किंवा खाजगी, कसणारी कुळे, बांध आणि मानस सांभाळायला कूळ शेतकऱ्यांची संघटना. मानशीवर मासळी धरण्याच्या हक्काची पावणी होते, म्हणजे लिलाव. पावणी घेतलेला माणूस सुकतीला रात्री मानशीच्या दाराशी जाळे बांधतो, कोळंबी ओढायला कंदील ठेवतो. त्याने पैसे मोजलेले असतात. त्याच्या जाळ्यासमोर आपण गरी टाकणे बरे नाही. त्याला आधी विचारावे. काठी घेऊन आलेल्या माणसाला सहसा नाही म्हणत नाहीत, उलट कुठे टाकायची तेही सांगतात. माझ्या अनुभवात अनोळखी पाण्याची अर्धी माहिती अशाच पाच मिनिटांच्या बोलण्यात मिळते. मये तलावासारख्या पर्यटनाच्या ठिकाणीही आधी तिथल्या व्यवस्थापनाला विचारूनच गरी काढावी.

पावणीच्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी हा त्या पद्धतीचा मूळ हेतू. शेती आणि मासळी एकमेकांना धरून चालत. आज अनेक ठिकाणी शेती पडीक झाली, मानशीच्या झडपा कुजल्या. कुठे मासळीसाठी खारे पाणी नको तितके आत घेतले जाते आणि शेत नासते, कुठे दार गाळाने बुजून कायमचे मिटते आणि आतली मासळी आतच अडकते. दोन्हींत नुकसान भाताचे आणि चोणकाचेही. मानस चालती असेल तर दोन्ही टिकतात. गरवणारा माणूस बांधावर तासन् तास बसतो, त्याला झडपेची फट, बांधाचे भगदाड इतरांच्या आधी दिसते. ते संघटनेला किंवा पंचायतीला कळवणे हे त्याचे भाडे समजावे.

सावधगिरी

आपल्या डिचोली तालुक्यासाठी एक वेगळी सूचना. मुळगाव-शिरगाव परिसरात लोहखनिजाच्या खाणी आहेत. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबल्यावर अनेक खंदक पाण्याने भरून राहिले. वरून ते शांत निळे-हिरवे तळे दिसते. ते उथळ नाही. कडा सरळ तुटलेल्या, माती भुसभुशीत, काठापासून एका पावलावर अथांग खोली. तिथे ना मानस, ना प्रवाह, ना वर यायला जागा. गरवायला तिथे कोणीही जाऊ नये, मुलांनी तर नाहीच. उथळ पाण्याची या लेखातली एकही गोष्ट खाणीच्या खंदकाला लागू नाही.

खाजनात पोंयीच्या कडेचा चिखल मांडीपर्यंत ओढतो. बांध सोडून उतरू नये, उतरावेच लागले तर काठीने चाचपून. कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला मगरी आहेत, तिथे पाण्यात पाय सोडून बसू नये. मानस उघडताना समोर पाण्यात कोणी नसावे, ओढ दिसते त्यापेक्षा जास्त असते. पहाटे-तिन्हीसांजेला जाताना दोघे असावेत आणि घरी सांगून जावे.

सभासदांना विनंती

प्रत्येक मानशीला आणि पोंयीला नाव असते. ते नाव बहुधा कुठल्या कागदावर नसते, कसणाऱ्यांच्या आणि गरवणाऱ्यांच्या तोंडी असते. कुठली पोंय कधी आटत नाही, कुठल्या मानशीवर चोणक यायचा आणि आता येत नाही, हे सांगणारी माणसे आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांच्या घरी असे कोणी असतील त्यांनी ती नावे, जागा आणि आठवणीतले वर्ष लिहून मंडळाकडे पाठवावे, दोन ओळीही चालतील. सुट्टीत आलेल्या नातवंडाला हे काम द्यावे. आजोबांबरोबर बांधावर एक फेरी मारून नावांची यादी करून आणली की काठी कुठे टाकायची या प्रश्नाचे उत्तर त्याला त्याच फेरीत मिळेल. त्याने पकडलेल्या पहिल्या चोणकाची लांबीही कळवावी, आणि तो मोठा असेल तर तो परत सोडला हेही.